आम्ही म्हणजे कोण कोण

२८ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. ‘पत्रास कारण की’ असं लिहिलं की तू मोठ्याने वाचून सगळ्यांना हसवतेस, म्हणून लिहीत नाही. पण कारण आहे. आधी खुशाली सांगते. आम्ही दोघं बरे आहोत. माझी मान धरली होती, ती सुटली. ह्याचा गुडघा कुरकुरतो. लिफ्ट बंद पडली की ती दुरुस्त करायला ह्याच्यासारख्या लिफ्टवाल्यालाच जिना चढून जावं लागतं, त्याला कोण काय करणार? भाऊजींचं पथ्य चालू आहे ना? चोरून गोड खात असतील तर कळव, मी इथून दम देते.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण तुझा फोन म्हणजे जाहीर सभा. तू तो टेबलावर ठेवतेस, आवाज मोठा करतेस, आणि मी “ताई, एक विचारायचं होतं” म्हटलं की मागून तिघंजण विचारतात, काय गं काय? म्हणून पत्र. हे एकटीने वाच.

आमचे म्हातारे मालक कारखाना सोडतायत. कारखाना म्हणजे नावालाच, आहेत तीन खोल्या. पुढे काउंटर, मधे आमची बाकं, मागे प्लास्टर कालवायची मोरी. इतकी वर्षं मी मधल्या खोलीत खिडकीशी बसून लोकांच्या कवळ्या करतेय. मेणात हिरड्या कोरायच्या, दात एकेक करून बसवायचे, जिभेला कुठे टोचेल ते बोट फिरवून बघायचं. लोकांना सगळे दात पांढरेशुभ्र आणि शिस्तीत उभे हवे असतात. मी एखादा मुद्दाम जरासा तिरका बसवते. आधी कुरकुर करतात, आणि मग घरचे म्हणतात, अरे, हे तर बाबांचेच दात. मालकांना माझी ही खोड आवडते. ते म्हणाले, परवाना तुझ्या नावावर करून देतो, तू चालव. नाहीतर जागा विकायची, आणि घेणारा माणूस तिथे गाड्यांचे टायर ठेवणार आहे.

अडचण एकच. असा परवाना इथे फक्त इथल्या नागरिकाला मिळतो. आणि इथलं व्हायचं तर तिथलं सोडावं लागतं, दोन्हीकडचं होता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

ह्याने अर्ज केव्हाचा भरून ठेवला होता, फक्त माझी सही राहिली होती. या वेळी मी सही केली. थांब, रागावू नकोस. मंजुरी आली, शपथेचा दिवसही नेमून आला, नोव्हेंबरातला. पण शपथ घेईपर्यंत काही झालेलं नसतं. त्या दिवशी गेलेच नाही तर सगळं जिथल्या तिथे.

तुला आठवतं का, मी निघताना दारात तू काय म्हणाली होतीस ते? माझ्या हाताला नखं रुतेपर्यंत धरलं होतंस. म्हणालीस, “तिकडे राहा, संसार कर, पण त्यांची होऊ नकोस. या दारात उभं राहायला तुला कुणाची परवानगी लागता कामा नये.” मी हो म्हटलं आणि ते पाळलं. हा दरवर्षी विचारायचा, मी दरवर्षी नाही म्हणायचे, आणि कारण सांगायचे नाही. त्याला वाटायचं, ही कधीतरी मला सोडून जाणार, म्हणून परतीची सोय राखून ठेवतेय. एकदा तसं बोललाही. त्यावरून आमचा चांगला अबोला झाला. तरीही मी सांगितलं नाही की ताईला शब्द दिलाय. ते आपल्या दोघींमधलं होतं, त्यात त्याला कशाला आणायचं, असं वाटायचं.

आणि खरं सांगू, मलाही ते आवडायचं. तिकडे उतरलं की विमानतळावर दोन रांगा असतात. हा परक्यांच्या रांगेत लागतो, मी आपल्या. माझं लवकर होतं. मग मी पलीकडे बॅगेवर बसून त्याची वाट बघते आणि लांबून त्याला चिडवते. इथे वर्षभर मी मागे आणि तो पुढे असतो, तिथे तेवढ्यापुरतं उलटं होतं.

बबडीचं काही जमतंय का? मागच्या फोनवर तू म्हणालीस, बघतोय, अजून काही नाही. जमलं की ताबडतोब कळव. तू नोकरीला जायचीस तेव्हा त्या पोरीला मी कडेवर वाढवलीय. तिचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘मावची’ होता, आणि तू दोन दिवस माझ्याशी तुटक वागत होतीस. तिचं लग्न शपथेच्या आधी असलं तर जुन्या पासपोर्टवर शेवटचं मिरवून घेते. नंतर असलं तर जे काय लागेल ते करून येते. पण येणार.

हाही येणार. त्याच्या मराठीची प्रगती विचारू नकोस. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा घोळ काही केल्या सुटत नाही. त्याच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, त्यामुळे फरकच पटत नाही. मला म्हणतो, “आम्ही जेवायला बसू या,” म्हणजे मी उपाशी. पहिल्यांदा आपल्या घरी आला होता तेव्हाचं आठवतं ना? तुझ्यासमोर ताठ उभा राहून म्हणाला, “ताई, आपण लग्न करणार आहोत.” तुझ्या हातातला चहा सांडला, आणि भाऊजी म्हणाले, मग मी कुठे जाऊ? मी अजून एकटी असले की ते आठवून हसते.

तर विचारायचं ते हे. मला त्या शब्दातून मोकळं करशील का? तू ‘घे’ म्हणालीस तर शपथ घेईन. ‘नको’ म्हणालीस तर मालकांना सांगेन, खुशाल टायर ठेवा. मन मारून सांगेन, पण सांगेन. तुझ्या उत्तरावर आहे सगळं.

वाट बघते.

तुझीच,
धाकटी


५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इथे सगळं ठीक. थंडी सुरू झाली. मान परत धरली, या वेळी दुसऱ्या बाजूने. कारखान्यात काम भरपूर आहे. एक निवृत्त बस ड्रायव्हर सारखे येतात, म्हणतात, कवळी बोलताना शिट्टी वाजवते. घासून घासून आता घासायला काही उरलं नाही. मालक म्हणाले, वाजू दे, त्यांना हॉर्नची सवय आहे. भाऊजी बरे आहेत ना? पाहुणे गेले असतील, घर रिकामं वाटत असेल. तू दमली असशील.

एवढं लिहून मी उठले होते. भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला परत पुसला. आता बसते.

आमच्या दाराशी एक भरलेली बॅग आहे. ह्याने विचारलं, रिकामी करू का, मी म्हटलं राहू दे. येता-जाता तिला पाय लागतो. तुला वाटेल कुठली बॅग, कशाची बॅग, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तू फोन केलास तेव्हा मी कामावर होते. त्या दिवशी ह्याची सुट्टी असते आणि मी घरी नसते, हे तुला चांगलं माहीत आहे, त्यामुळे चुकून लागला असं म्हणू नकोस. तू काय बोललीस ते मला पुढे कळलंच. पण ह्याने मला त्या दिवशी काही सांगितलं नाही. नंतरचे काही दिवस हा माणूस चळल्यासारखा वागत होता. आरशासमोर उभा राहायचा, स्वतःशीच गुणगुणायचा, मी खोलीत गेले की फोन ठेवून द्यायचा. माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. म्हटलं, आता या वयात हे काय नवीन?

मग शुक्रवारी दुपारी तो कारखान्यात आला. अंगात नवा कोट, हातात बॅग. काउंटर ओलांडून थेट माझ्या बाकापाशी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “चल. रविवारी आपण लग्न करतोय.”

मी म्हटलं, आपलं झालंय की. तो म्हणाला, आपलं नाही, बबडीचं. ताईंचा फोन होता, तुला कळू द्यायचं नाही म्हणाल्या, मी सगळं केलंय, रजा, तिकिटं, सगळं. संध्याकाळचं विमान आहे. मालकांनाही त्याने आधीच फितवलं होतं, ते मागे उभे राहून हसत होते. ताई, माझे हात प्लास्टरने भरलेले होते, मी तशीच त्याच्या गळ्यात पडले. त्याच्या कोटावर दोन पांढरे पंजे उमटले. मी रडत होते आणि आमच्याकडच्या मुलींना सांगत होते, माझी बहीण अशीच आहे, वरून फणसाचे काटे, मनात काय शिजवेल पत्ता लागू द्यायची नाही. माझ्या पत्राचं उत्तर तू असं दिलंस, असं मला वाटलं. मला समोर बोलावून, जवळ बसवून, तोंडाने सांगणार असशील.

तुला फोन केला नाही, तुझा बेत मोडू नये म्हणून! मामेवहिनीला केला. म्हटलं, विमानतळावरून परस्पर हॉलवर येतो, पत्ता सांग, आणि ताईला बोलू नकोस.

वहिनी म्हणाली, “अगं, पण तुला यायला परवानगी नाही ना? तू तिकडची झालीस, पासपोर्टसुद्धा काढून घेतला, असं ताई म्हणाल्या. आम्हाला वाटलं, अभिनंदन करावं की करू नये.”

वहिनी किती भोळी, तुला माहीत आहे. मी विचारत गेले, ती सांगत गेली. सोयरे जुन्या वळणाचे आहेत. मुलीच्या मावशीने परक्या माणसाशी लग्न केलंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि त्यावरून बैठक मोडायला आली होती. तेव्हा तू सांगितलंस की ती आता तिकडचीच झालीय, इथलं सगळं सोडून दिलंय, येणं-जाणं नाही, संबंध नाही. त्यांचं समाधान झालं, लग्न ठरलं. हे कधीचं, मी विचारलं. वहिनी म्हणाली, झाले की काही महिने, उन्हाळ्यातलं.

उन्हाळ्यातलं, ताई. म्हणजे तू मला फोनवर “बघतोय, अजून काही नाही” म्हणालीस तेव्हा हॉलसुद्धा घेऊन झाला होता. आणि मी अर्जावर सही केली, त्याच्याही आधी तू मला इकडची करून मोकळी झाली होतीस.

फोन ठेवला आणि ह्याला घेऊन बाहेर पायरीवर बसले. म्हटलं, ताई काय म्हणाली ते शब्दन्शब्द सांग. त्याचं एक आहे, अर्थ कळला नाही तरी वाक्य लक्षात ठेवतो, नंतर मला विचारायला. त्याने आठवून आठवून सांगितलं: “रविवारी आम्ही लग्न उरकून घेतोय. तिला एवढ्यात कळू देऊ नका. तिला तिथेच गुंतवून ठेवा.” मधलं तेवढं त्याला चांगलं समजलं होतं. ‘उरकणं’ म्हणजे थाटात करणं असेल असं त्याला वाटलं होतं. ‘गुंतवणं’ म्हणजे फसवून गंमत करणं. तो फार खूश झाला होता, कारण तू त्याच्यावर पहिल्यांदाच काहीतरी सोपवलं होतंस.

“आम्ही म्हणाली की आपण?” मी विचारलं.

“आम्ही. का? फरक काय?”

इतकी वर्षं मी जे हसण्यावारी नेलं ते त्या पायरीवर बसून शिकवलं. ‘आपण’ म्हणजे ज्याच्याशी बोलतोय तोही त्यात आला. ‘आम्ही’ म्हणजे तो सोडून बाकीचे. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, “म्हणजे ताईंनी मला फोन करून सांगितलं की यात तू नाहीस?”

“तूही नाहीस,” मी म्हटलं.

त्याच्या कोटावरचं प्लास्टर वाळलं होतं, ते नखाने खरवडत बसला. मग आत जाऊन त्याने मालकांना काहीतरी सांगितलं, आणि आम्ही बॅग घेऊन घरी आलो.

मला तुझा राग आलाय. बोलावलं नाहीस ते मी गिळलं असतं. तू सरळ सांगितलं असतंस की अशी अशी माणसं आहेत, पोरीचं जमतंय, तुझा नवरा त्यांना चालायचा नाही, या वेळी तू येऊ नकोस, तर मी रडले असते, तुला चार शब्द सुनावले असते, आणि आले नसते. बबडीसाठी एवढं मला कळत नाही का? पण तू मला विचारलंसच नाही. जी एक गोष्ट मी तू सांगितलीस म्हणून केली नाही, नवऱ्याचं मन दुखवून केली नाही, नेमकी तीच मी केली म्हणून लोकांना सांगत सुटलीस. दुसरं काही खोटं सुचलं नाही तुला? आजारी आहे म्हणायचं होतं. काही नाही तर मेली म्हणायचं होतंस.

आणि त्याला माझ्यावर पहारा करायला लावत होतीस, तेही त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीवर विसंबून. ते तुझ्या अंगाशी आलं, एवढंच. त्याला व्याकरण येत असतं तर मला आजपर्यंत काही कळलं नसतं. तू सवडीने पत्र लिहिलं असतंस, घाईघाईत झालं गं, कुणालाच बोलावता आलं नाही, आणि मी ते खरं मानून बबडीसाठी आशीर्वाद पाठवले असते.

रविवारी आम्ही घरीच होतो. मी पडदे धुतले. हा जिन्यातला दिवा बदलून आला, जो त्याचा नव्हता आणि गेलेलाही नव्हता. माझ्या मनात सारखं एकच येत होतं, की बबडीला तू काय सांगितलंस? तीही मला यायचंच नव्हतं असं समजून उभी होती का? आज याचं उत्तर मागत नाही, तू दिलेलं मला खरं वाटणार नाही. तिला मी वेगळं लिहीन, आणि तुझ्याबद्दल त्यात काही वाईट लिहिणार नाही. तिच्या नव्या घरी ते पत्र कोण कोण वाचेल, सांगता येत नाही.

मग रात्रीचं जेवण झाल्यावर मी ह्याला सांगून टाकलं, दरवर्षी नाही का म्हणत होते ते. दारातलं तुझं बोलणं, माझं हो म्हणणं, सगळं. मला वाटलं, चिडेल. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला वाटायचं तुझा माझ्यावर विश्वास नाही. तसं नव्हतं. तुझा ताईंवर जास्त होता.”

गंमत बघ, आता तोच म्हणतो, शपथेला जाऊ नकोस. इतकी वर्षं मागे लागला होता तोच माणूस. म्हणतो, रागाच्या भरात माझ्या देशाची होऊ नकोस, टायर तर टायर, मला तू आहेस तशी चालतेस. तीन दिवस आमचं यावरून उलटंसुलटं भांडण चाललंय. मी घेते म्हणतेय आणि तो नको म्हणतोय.

मी जाणार आहे. राग नाही असं म्हणत नाही. पण नुसत्या रागावर मी एवढं करणारी नाही, हे तुला माहीत असायला हवं. ती मधली खोली मला हवीय. तिथे माझ्या हाताला मान आहे, आणि लोक तोंड उघडून माझ्यासमोर बसतात तेव्हा मी कुठली, कुणाची, हे कुणाच्या मनातही येत नाही. ती मी सोडायला निघाले होते, ते फक्त तुझ्यासाठी. ते कारण तू उन्हाळ्यातच निकालात काढलंस, मला कळायला उशीर झाला. इतकी वर्षं मी तुला दिलेला शब्द पाळला, आता तू सोयऱ्यांना दिलेला शब्द खरा करते. मंगळवारी सकाळी अकरा वाजता. त्यानंतर तू खोटं बोललीस असं कुणाला म्हणता येणार नाही.

जुना पासपोर्ट त्या आधी जमा करायचा आहे. काल तो काढून बघितला. फोटोत माझी वेणी आहे आणि कॉलर वाकडी. फोटो काढायला तूच घेऊन गेली होतीस, आणि कॉलर सरळ कर असं सांगायची राहिलीस.

आणखी एक, ते विचारल्याशिवाय पत्र बंद करत नाही. यापुढे तिकडे यायचं तर मला परवानगी मागावी लागेल. त्या अर्जात विचारतात की तिथे तुम्हाला ओळखणारं कोण आहे, नाव आणि पत्ता द्या. लागलं तर त्या माणसाला फोन करून खातरजमाही करतात. मी वहिनीचं नाव देऊ शकते, पण तिचं मी देणार नाही. तुझंच देणार आहे. तेव्हा कधी तुला अनोळखी नंबरावरून फोन आला आणि पलीकडच्या माणसाने विचारलं की ही बाई तुमची कोण, तर काय सांगायचं ते आतापासून ठरवून ठेव. आवाज मोठा करून, सगळ्यांसमोर सांग.

अजूनही तुला ताईच म्हणणारी,
धाकटी